अर्धं झाकण

आमच्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. धुळ्याहून निघून पारोळा ओलांडलंत की जळगावच्या अलीकडे हमरस्त्यापासून थोडं आत लागतं, एवढं पुरे. नाव लिहिलं तर लोक चौकशा करतील, आणि ज्या माणसाबद्दल लिहायला बसले आहे त्याच्या चौकशा आधीच भरपूर झाल्या आहेत.

त्यांचं नाव हाशम. मूळचे नशिराबादचे, पण सगळी नोकरी आमच्या नगरपालिकेच्या हिवताप विभागात गेली. हुद्दा फिल्डवर्कर. काम एकच, घरोघरी जाऊन पाण्याच्या भांड्यांत वाकून बघायचं. आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, कधी दहा. म्हणून प्रत्येक घरात पिंपंच पिंपं, मोरीजवळ सिमेंटची टाकी आणि पिण्याला रांजण. त्या साठवलेल्या पाण्यात डास अंडी घालतो, अंड्यांतून अळ्या निघतात, अळ्यांचे डास होतात आणि मग डेंग्यू. अळ्या मराव्यात म्हणून हाशमभाऊ दर आठवड्याला औषध टाकायला यायचे. दोनशे लिटरच्या पिंपाला औषधाच्या बाटलीचं एक झाकण भरून, हे वरून ठरवून दिलेलं माप. पिण्याच्या पाण्यातही ते चालतं.

अंगानं काटकुळे, खाकी शर्ट, सायकलच्या दांड्याला टॉर्च बांधलेला. पिंपावर बोटाच्या पेरानं टकटक करून आत किती पाणी आहे ते सांगायचे, आणि चुकायचे नाहीत. चपला उंबऱ्याबाहेर काढायचे. बायका म्हणायच्या राहू द्या हो भाऊ, तरी काढायचेच. पाणी यायला दोन दिवस असले की कोणी तांब्या पुढे केला तरी घ्यायचे नाहीत. "तपासायला आलो, प्यायला नाही," म्हणायचे. कोणाची सून माहेराहून आली, कोणाकडे पाहुणे वाढले, हे त्यांना पाण्यावरून कळायचं. पण इकडची गोष्ट तिकडे करताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. जाताना दाराच्या चौकटीवर खडूनं तारीख घालायचे. अक्षर सुंदर नव्हतं, पण पुसलं जाऊ नये म्हणून दाबून लिहायचे.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय त्यांचं सांगता येणार नाही. मी सारिका. माहेर फैजपूरचं, इथं लग्न होऊन आले. हायस्कुलात विज्ञान शिकवते. तोंडानं फटकळ आहे असं गाव म्हणतं आणि मला त्याचा थोडा अभिमानच होता. होता, म्हणते.

दोन हजार पाच साली मला सातवा महिना होता. कशाचाही वास सहन होत नव्हता. हाशमभाऊंनी पिंपात औषध टाकलं की त्या दिवशी माझ्या घशाखाली पाणी उतरायचं नाही. माझ्या सासूबाई पुष्पाबाई त्यांना म्हणाल्या, "हाशम, पान्याले दवाईना वास येस रे. आठ दिन हाईच पानी पेवानं शे आमले."

"अक्का, दवाई शे ती, अत्तर थोडंच शे," ते हसून म्हणाले.

मी आतून बाहेर आले आणि म्हणाले, "भाऊ, अर्धंच झाकण टाका. इतकुशी अळी, तिला कितीसं विष लागणार आहे? अर्ध्यातही मरते ती."

हे मी कशाच्या आधारावर बोलले? कशाच्याच नाही. वर्गात एखाद्या पोरानं प्रयोग न करता असा निष्कर्ष सांगितला तर मी त्याला तासभर उभं करते.

हाशमभाऊ घुटमळले. "साहेबांनी एक सांगितलंय, बाई." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पण तुम्ही सायन्सच्या बाई. तुम्ही म्हणता तर असंल तसं." आणि त्यांनी अर्धं झाकण टाकलं. दुसऱ्या दिवशी ड्यूटी नसताना मुद्दाम बघायला आले. टॉर्च मारून पिंपात पाहिलं आणि खुशीत म्हणाले, "मेल्या बाई, दोन-चार सोडून."

त्या दोन-चारांचा विचार ना त्यांनी केला, ना मी.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या झुंबरबाई म्हणाल्या, "आमना घर बी बाईनं माप टाक रे भाऊ." महिन्याभरात गल्लीत त्या अर्ध्या झाकणाला नावच पडलं, बाईंचं माप. जी बाई पूर्ण झाकणाला कुरकुरायची नाही, तीसुद्धा बाईंचं माप मागू लागली. सायन्सच्या बाईंच्या घरी जे चालतं ते आपल्याकडे का नको? मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू? बाळंत झाले, प्रेमराज रांगायला लागला, वास यायचा बंद झाला, पण "भाऊ, आता पूर्ण टाका" असं म्हणायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. हाशमभाऊ सोळा वर्षं आमच्या गल्लीत अर्धं झाकण टाकत राहिले. कचेरीतल्या तक्त्यात पूर्ण लिहीत राहिले.

एकवीस साली ते निवृत्त झाले. गल्लीनं टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. त्यांच्या जागी कंत्राटावर अर्शी आली. तौफिक टेलरची मुलगी, माझ्याच हाताखाली शिकलेली. तौफिकला आता सुईत दोरा ओवता येत नाही, तेव्हा घर तिच्यावर. पोरगी नियमाची पक्की. पिंपाला एक झाकण म्हणजे एक झाकण. बायकांनी नाकं मुरडली, हाशमभाऊ बरे होते म्हणाल्या. तिनं ऐकलं नाही.

आणि गेल्या भाद्रपदात आमच्या एका गल्लीत डेंग्यूचे अकरा पेशंट निघाले. झुंबरबाईंचे मालक निंबाआबा आठ दिवस धुळ्याला दवाखान्यात होते. परत आले तेव्हा ओळखू येत नव्हते. पिंपांची झाकणं उघडली तर आत अळ्या मजेत वळवळताहेत, आणि चौकटीवर तीनच दिवसांपूर्वीची अर्शीची तारीख. लोकांनी व्हिडिओ काढून फिरवले. ही पोरगी औषध टाकत नाही, नुसत्या तारखा घालते, असं ठरून गेलं. आरोग्य निरीक्षकांनी तिला पत्र दिलं: महिन्याभरात खुलासा करा, नाहीतर कंत्राट संपलं समजा.

अर्शी माझ्याकडे आली. रडली नाही. म्हणाली, "बाई, मी तुमच्यासमोर टाकते. तुम्ही स्वतः बघा." आमच्या पिंपात तिनं काठोकाठ भरून एक झाकण ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी टॉर्च मारला. थोड्या अळ्या तळाला मरून पडल्या होत्या. बाकीच्या वर येत होत्या, श्वास घेत होत्या, खाली जात होत्या.

मला वाटलं औषधच बनावट असणार. माझा मावसभाऊ योगेंद्र जळगावला एका कॉलेजात कीटकशास्त्र शिकवतो. मीच त्याला फोन केला. पोरीला सोडवायचं एवढंच मनात होतं, तेवढं तरी माझ्या बाजूला लिहिते. त्यानं येऊन आमच्या गल्लीतल्या अळ्या बाटल्यांत भरून नेल्या. शिवाय चार कोसांवरच्या एका वस्तीतल्याही नेल्या, जिथं हे औषध कधी पोचलंच नव्हतं. तीन आठवड्यांनी तो परत आला आणि आमच्या ओट्यावर बसून म्हणाला, "ताई, औषध चोख आहे. वस्तीवरच्या अळ्या पटापट मेल्या. तुमच्या मरत नाहीत. बदलल्यात त्या तुमच्याकडच्या अळ्या."

"म्हणजे काय झालं?"

"अळीच्या पेशीत एक विकर असतं, एन्झाइम. ते विषाला पकडतं आणि फोडून टाकतं. ते बनवायचं जनुक साध्या अळीत एका जोडीनं असतं. तुमच्या अळ्यांचं मी पुण्याहून मोजून आणलंय. कोणात वीस प्रती आहेत, कोणात तीस. एकच जनुक, एकाला लागून एक. जेवढ्या प्रती जास्त, तेवढं विकर जास्त, आणि तेवढं विष ती पचवते."

मी विचारलं, पेशी असं मुद्दाम करते का. तो म्हणाला, कधीकधी करते. फळमाशीचं अंडं तयार होताना त्याचं कवच थोड्या तासांत बनवायचं असतं. एका जोडीनं भागत नाही, म्हणून अंड्याभोवतीच्या पेशी कवचाच्या जनुकांच्या जादा प्रती काढतात आणि कामाला लागतात. ते वाढीचं ठरलेलं काम. "पण हे तसं नाही," तो म्हणाला. मग अंगणातल्या पिंपांकडे बोट करून विचारलं, "ही पूर्वी किती होती?"

"दोन. आता सात."

"कशामुळे वाढली?"

"पाणी येईना म्हणून."

"अळीचं बघायला तसंच दिसतं. फक्त तिनं ठरवून काही वाढवलेलं नाही. पेशी नक्कल काढताना कधी चुकते, एखादा तुकडा दोनदा उतरतो. अशा एखाद-दुसऱ्या अळीत दोन-तीन प्रती जास्त असतात, आणि त्या नुसत्या नशिबानं असतात. पूर्ण डोस मिळाला तर तीही मरते, दोन-तीन प्रतींनी काही होत नाही. पण डोस कमी असला तर नेमकी तीच वाचते. तिची पिल्लं तशीच. त्यांच्यात पुन्हा कोणाच्या चार होतात, मग सहा. कमी डोस म्हणजे त्यांना पायरी-पायरीनं वर चढवणं. वीसपर्यंत पोचल्या की मग तुम्ही पूर्ण झाकण टाका नाहीतर दीड टाका." तो थांबला. "पूर्ण डोसानंही कधीतरी झालंच असतं, ताई. पण इतक्या लवकर नाही, आणि इतकं नाही. तुमच्या गल्लीत वर्षानुवर्षं कोणीतरी कमी टाकलंय."

मला त्याच क्षणी सगळं कळलं. शिकवण्याचा धंदा आहे माझा, कळायला वेळ लागत नाही. मी उठून गॅस बारीक केला आणि त्याला विचारलं, पोहे घेशील ना. तो हो म्हणाला, आणि मी कांदा चिरायला बसले.

दुसऱ्या दिवशी मी हाशमभाऊंकडे गेले. मशिदीमागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. त्यांची बायको जुबेदाभाभी यांनी चहा ठेवला. मी का गेले होते? मनाशी म्हणत होते, त्यांना सांगायला हवं. खरं असं की मला एकटीला ते पेलत नव्हतं, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर टाकायचं होतं. मी त्यांना जनुकाचं सगळं समजावून सांगितलं, अगदी आठवीच्या वर्गात सांगते तसं सोपं करून. ते सातवी नापास. पण माझ्या वर्गात असं ऐकणारा विद्यार्थी मला फार क्वचित मिळालाय.

"म्हणजे बाई," ते हळूच म्हणाले, "त्या पहिल्या दिवशी दोन-चार राहिल्या होत्या, त्या ज्यादा कापीवाल्या होत्या?"

"असतील."

"आणि आपल्या अर्ध्या झाकणानं आपण त्याच पाळल्या."

ते 'आपल्या' म्हणाले. मी म्हणाले, "तसं म्हणता येईल." जणू मी परीक्षक होते आणि त्यांचं उत्तर तपासत होते.

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाले, "निंबाआबांना मी भेटायला गेलो होतो. त्यांनी माझा हात धरला होता, बाई. म्हणाले, हाशम, तू होतास तोवर गल्लीत असं झालं नाही. आता त्या हाताला काय करू?" मग त्यांनी विचारलं, "त्या पोरीचं काय?"

"रविवारी बैठक आहे. योगेंद्र सांगेल तिथं सगळं."

"ते सर मच्छराचं सांगतील. झाकणाचं कोण सांगणार?"

मी चहा प्यायले.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये बैठक झाली. निरीक्षक, योगेंद्र, अर्शी आणि आमची अख्खी गल्ली. योगेंद्रनं फळ्यावर चित्र काढून समजावलं. निरीक्षक म्हणाले, "कमी डोस कसा? माझ्याकडे वीस वर्षांचे तक्ते आहेत, सगळीकडे पूर्ण लिहिलंय. म्हणजे ही आताचीच गडबड." आणि त्यांनी अर्शीकडे पाहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी कशी लागते ते मी समोर बघत होते. मी पहिल्या रांगेत होते. बाईंना खुर्ची पुढे, ही आमच्याकडची रीत.

मागून हाशमभाऊ उभे राहिले. "साहेब, ही पोरगी कामाला लागून तीन-चार वर्षं झाली. हे सोळा वर्षांचं आहे. अर्धं झाकण मी टाकत होतो. तक्त्यात पूर्ण मीच लिहीत होतो."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

हॉलमध्ये असलेली प्रत्येक बाई जाणत होती. झुंबरबाई पदराची किनार बघत राहिल्या. माझ्या सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. हाशमभाऊंनी मात्र माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"कोणाच्या नाही, साहेब. माझ्या मनानं."

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "मंग उरेल दवाई कोठे गयी? इकी का?" आणि पुष्कळ जण हसले, काही नुसतेच मान हलवू लागले. हाशमभाऊ म्हणाले, "विकली नाही. बांधकामाच्या खड्ड्यांत टाकायचो, नाल्यात टाकायचो, जिथं आमची ड्यूटी नव्हती तिथं." कोणाचा विश्वास बसला नाही. ते खरं होतं. शाळेच्या नव्या इमारतीचा पाया खणला होता तेव्हा त्यांना सायकल टेकवून त्या खड्ड्यांत औषध ओतताना मी वर्गाच्या खिडकीतून किती वेळा पाहिलंय. मी खुर्चीचा हात धरून बसून राहिले.

अर्शीचं कंत्राट राहिलं. पिंपांत आता दुसऱ्या जातीचं औषध टाकतात, टाक्यांत गप्पी मासे सोडलेत. हाशमभाऊंवर कारवाई काही झाली नाही, एक पत्र आलं तेवढंच. पण गाव कारवाईची वाट बघत नाही. 'हाशमनं डास पाळले' हे पोरांच्या तोंडीसुद्धा बसलं. मोबाइलवरच्या ग्रुपात काहींनी त्यांचा धर्म मध्ये आणला आणि जे लिहिलं ते मी इथं उतरवणार नाही. मी त्या ग्रुपात आहे. मी ते वाचलं आणि फोन उपडा ठेवला.

बैठकीच्या दिवशी घरी आल्यावर सासूबाई चप्पल काढता काढता म्हणाल्या, "त्यानी तुले झाकी लिधं. अनं तू तोंड मिटीसन बठनी." त्यानंतर चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. सोळा वर्षं माप त्यांच्याही घरचं होतं, पण त्यांना लाज वाटली आणि ती त्यांनी दाखवली तरी. माझी मी पोटात घेऊन शाळेत जात राहिले. हाशमभाऊंनी आमच्या गल्लीतून जाणं सोडलं. बाजाराला लांबच्या रस्त्यानं जायला लागले.

चार महिन्यांनी मी त्यांच्याकडे गेले. निरीक्षकांच्या नावानं अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला होता. जुबेदाभाभींनी दार उघडलं, या म्हणाल्या नाहीत, बाजूला झाल्या. मी हाशमभाऊंना म्हणाले, "भाऊ, मी लेखी देते. मीच सांगितलं होतं अर्धं टाकायला. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला."

त्यांनी मान हलवली. "नको बाई. मी सातवी नापास माणूस. माझ्या हातून चूक झाली तर लोक चार शिव्या देतील आणि विसरतील. तुमचं नाव आलं तर काय होईल? उद्या अर्शी पिंपात काही टाकायला गेली की म्हणतील, सायन्सच्या बाईंचंच खोटं निघालं, आता कोणाचं ऐकायचं? आणि शाळेतली पोरं? ती तुमच्याकडून काय शिकणार? राहू द्या."

आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना हात अडतो, पण वाटलं. त्यांनी मला लपायला जागा करून दिली आणि मी ती घेतली. अर्ज पर्समधून बाहेर काढलाच नाही. "तुम्ही म्हणता तर," एवढं म्हणाले आणि उठले.

जुबेदाभाभी दारापर्यंत आल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाई, तुम्ही तुमचं नाव नाही सांगितलं, ते जाऊ द्या. पण यांनी दवाई विकली म्हणाले लोक. तुम्ही तर खिडकीतून बघायच्या. यांनीच मला सांगितलं होतं घरी येऊन, बाईंनी पाहिलं म्हणून, केवढे खूश होते. तेवढं तरी खोटं आहे म्हणायचं होतं."

मी चपला शोधत खाली बघत राहिले. ते म्हणायला माझं नाव मध्ये येणारही नव्हतं.